फोरमन, पडदे वर घ्या

कोंबडीला घाम येत नाही. चार शब्दांचे, कोणालाही समजावे असे हे वाक्य आहे. तरीही ते एका माणसाच्या गळी उतरवण्यात माझे तीन उन्हाळे गेले. हे गृहस्थ मंद नव्हते. मंद विद्यार्थ्याला कसे शिकवावे याचे शिक्षण मला डी.एड.ला मिळाले होते. ते हुशार होते, आणि त्यांना सर्व काही आधीपासूनच ठाऊक होते. अशा विद्यार्थ्यासाठी आमच्या अभ्यासक्रमात एकही प्रकरण नव्हते.

डी.एड. होऊनही मला शाळा मिळाली नाही, म्हणून मी एका पोल्ट्री कंपनीत सुपरवायझर झालो. या व्यवसायाची रीत थोडक्यात सांगतो. पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनी देते. शेड, पाणी आणि मेहनत शेतकऱ्याची असते. पक्षी वजनाला आले की कंपनीची गाडी येऊन ते घेऊन जाते. या एका फेरीला बॅच म्हणतात. सुपरवायझरने शेडोशेडी हिंडून पक्षी तपासायचे आणि शेतकऱ्याला सूचना द्यायच्या. मी निगडीत भाड्याने राहत असे आणि चाकणच्या आसपासची, अजून पूर्णपणे कारखान्यांची न झालेली गावे माझ्याकडे होती.

त्यांपैकी एका गावात हे गृहस्थ राहत. सारे गाव त्यांना फोरमन म्हणे. ते कधीच फोरमन नव्हते. सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ते ऑपरेटर म्हणून लागले आणि ऑपरेटर म्हणूनच निवृत्त झाले. परंतु निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते निळा गणवेश, पोलादी टोकाचे बूट आणि पिवळे हेल्मेट घालून स्वतःच्याच पोल्ट्रीवर कामाला हजर झाले, आणि गावाने त्यांना परस्पर बढती दिली.

त्यांच्या शेडवर प्रवेश मिळवणे हे एक स्वतंत्र प्रकरण होते. दारावर खडूने ‘विनापरवाना आत येऊ नये’ असे लिहिलेले असे. मी मोटारसायकल उभी केली की ते आतून विचारत, “कोण?”

“मी. कंपनीचा सुपरवायझर.”

“काम?”

“पक्षी तपासायचे आहेत.”

“थांबा. गेटपास बनवतो.”

मग ते खरोखरच एका चिठ्ठीवर माझे नाव, गाडीचा नंबर आणि येण्याची वेळ लिहीत आणि ती चिठ्ठी माझ्या हातात देऊन, लगेच परत घेत. बाहेरची रोगराई आत जाऊ नये म्हणून दारात चुन्याचे पाणी भरलेली पाटी ठेवावी आणि तिच्यात पाय बुडवूनच आत यावे, हा नियम मात्र मी त्यांना पहिल्या दिवसापासून सांगत होतो. गेटपास एकदाही चुकला नाही. पाटी एकदाही ओली दिसली नाही.

त्यांच्या बोलण्यात पोल्ट्रीचे शब्द नव्हतेच. शेड म्हणजे प्लांट. बॅच म्हणजे लॉट. पक्षी मेला असे ते कधीही म्हणत नसत. ‘आज दोन रिजेक्ट’ असे म्हणत. त्यांच्या पत्नी, ज्यांना मी काकू म्हणे, हे सर्व ऐकून भाकरी थापता थापता म्हणत, “घरात हजेरी घ्यायची र्‍हायलीय तेवढी. त्येबी करतील. मी उशिरा उठले तर हाफ डे लावत्याल.”

“लेट मार्क,” फोरमन गंभीरपणे दुरुस्ती करीत. “हाफ डे न्हाई. लेट मार्क.”

आता उष्णतेचा मुद्दा. मोठ्या झालेल्या ब्रॉयलर पक्ष्याच्या अंगात मुळातच उष्णता फार. घाम नसल्यामुळे ती बाहेर टाकायला त्याच्याजवळ एकच मार्ग असतो: चोच उघडून धापा टाकणे. धापेबरोबर घशातला ओलावा हवेत जातो आणि अंग निवते. यावरून दोन नियम निघतात. पहिला, भर उन्हाच्या वेळी खाद्य बंद ठेवावे, कारण पचनानेही उष्णता निर्माण होते. दुसरा, शेडमधली हवा खेळती असावी, कारण हवा आधीच दमट झालेली असेल तर पक्ष्याच्या घशातला ओलावा जाणार कुठे? पाण्याचे तुषार उडवणारे फॉगर चांगलेच. पण वारा असेल तरच. वारा नसताना फॉगर चालवणे म्हणजे पक्ष्यांना वाफाऱ्यात बसवणे.

पहिला नियम मी सांगितला तेव्हा फोरमननी हेल्मेट काढून माझ्याकडे पाहिले.

“दुपारचं जेवण बंद?”

“होय. सकाळी लवकर द्यावे आणि नंतर संध्याकाळी ऊन उतरल्यावर.”

“म्हंजी लंच ब्रेक रद्द.”

“तसे म्हणा.”

“मास्तर, ह्यांची युनियन न्हाई म्हणून असं करताय व्हय? लंच टायमाला जेवण न्हाई म्हंजी काय? आमच्या कंपनीत एकदा डाळ पातळ झाली तर आमी गेटवर बसलो हुतो.”

मी त्यांना पचनक्रिया समजावून सांगितली. आकृती काढली. त्यांनी आकृतीचे कौतुक केले आणि दुसऱ्या दिवशी भर बारा वाजता सगळ्या भांड्यांत खाद्य ओतले. सलग दोन आठवडे मी येत होतो आणि सलग दोन आठवडे पक्षी दुपारी जेवत होते. शेवटी काकूंनीच तोडगा काढला. “तुमी त्यास्नी जेवान बंद म्हनू नका,” त्या मला म्हणाल्या. “नाइट शिफ्टला टाका म्हनावं.”

मी तसे सांगितले. फोरमननी क्षणभर विचार केला. “नाइट शिफ्ट असंल तर दिवसा जेवनाचा सवालच न्हाई,” ते म्हणाले. “झोपायचं असतंय.” त्या दिवसापासून दुपारचे खाद्य बंद झाले. मला आनंद व्हायला हवा होता. प्रत्यक्षात मला आकृतीचे वाईट वाटत राहिले.

दुसरा नियम त्याहून अवघड गेला. शेडच्या दोन्ही लांब बाजूंना जाळी असते आणि जाळीवर दोरीने वरखाली होणारे पडदे. थंडीत पडदे खाली, उन्हाळ्यात वर, इतके सोपे आहे. फोरमन मात्र उन्हाळ्याच्या दुपारी सगळे पडदे खाली सोडत आणि आत फॉगर चालू करीत. विचारले की उत्तर तयार असे.

“मास्तर, आमच्या मॅनेजरच्या केबिनला एसी हुता. दार उघडं र्‍हायलं की शिव्या घालायचा. गारवा आत कोंडून ठेवायचा असतोय. तुमी शिकलेली मानसं, तुमाला एवढं कळू ने?”

“तो एसी होता. एसी हवेतला ओलावा काढतो. फॉगर ओलावा घालतो. दोन्ही गोष्टी परस्परविरुद्ध आहेत.”

“गार दोन्हींनी लागतंय का न्हाई?”

“लागते, पण…”

“मंग झालं.”

मी प्रयोगावर विश्वास ठेवणारा माणूस आहे. म्हणून एके दिवशी मी दोन सारखे रुमाल नेले, दोन्ही सारखेच भिजवले, एक जेवणाच्या डब्यात ठेवून झाकण लावले आणि दुसरा जाळीबाहेर वाऱ्यावर टांगला. माझी तपासणी होईपर्यंत टांगलेला रुमाल खडखडीत वाळला होता. डबा उघडून मी आतला ओलाचिंब रुमाल फोरमनच्या हातात दिला आणि वर्गात विचारावे तसे विचारले, “यावरून आपण काय निष्कर्ष काढाल?”

त्यांनी रुमाल पाहिला. डबा पाहिला. झाकण दोनदा लावून उघडले.

“डब्याचं झाकन एक नंबर हाय,” ते म्हणाले. “आजकाल असं फिटिंग मिळत न्हाई.”

त्या संध्याकाळी मोशीच्या रस्त्यावर कंटेनरांच्या रांगेत अडकलो असताना मी ठरवले की या माणसाला पुन्हा काहीही शिकवायचे नाही. अर्थात दुसऱ्या दिवशी मी पुन्हा शिकवत होतो.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगायला हवी. कारखान्याबद्दल त्यांची जी श्रद्धा होती तिला एक केंद्र होते, आणि त्याचे नाव होते होल्ड. तयार मालात दोष आढळला की क्वालिटी खात्याचा माणूस त्या मालावर लाल पट्टी लावतो. ती पट्टी म्हणजे होल्ड. ती ज्याने लावली त्यानेच काढायची. एकदा एका मोठ्या साहेबाने घाईघाईने होल्डचा माल गाडीत भरायला सांगितला, तेव्हा सगळ्या लाईनने कसे हात मागे बांधले, हा प्रसंग त्यांनी मला इतक्या वेळा सांगितला की पुढे मी तो त्यांच्या बरोबरीने पुटपुटू लागलो. “साहेब साहेब असंल,” ते शेवटी म्हणत, “पन होल्ड तो होल्ड.”

तिसऱ्या उन्हाळ्यात गोष्टी निकराला आल्या. आधीच्या दोन उन्हाळ्यांत त्यांच्याकडची मरतुक, म्हणजे मेलेल्या पक्ष्यांचे प्रमाण, बरेच जास्त होते. माझ्या वरिष्ठांनी मला स्पष्ट सांगितले की या बॅचलाही तसेच झाले तर त्या शेडला यापुढे पिल्ले मिळणार नाहीत. फोरमनच्या मुलाला हे कळले तेव्हा त्याला दुःख झाले असे दिसले नाही. त्याचा टेम्पोचा धंदा होता, आणि सुटे भाग ठेवायला गोदाम हवे असलेला एक माणूस त्याच्या ओळखीचा होता. तो माणूस येऊन शेड बघूनही गेला होता.

“सर, तुम्हीच सांगा राव त्यांना,” मुलगा मला म्हणाला. “आजूबाजूला सगळ्यांनी गोदामं दिली. आमच्याकडंच कोंबड्या ओरडतात.”

फोरमन तिथेच पंख्याची जाळी पुसत होते, म्हणजे पंखा बंद करून, भर उन्हात, पुसत होते.

“जमीन कंपन्यास्नी गेली, हा तुकडा र्‍हायला,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “जल्मभर लोखंड बघितलं. आता सकाळी उठून हलनारं कायतरी बघायचं हाय. पत्र्याखाली परत पत्राच ठेवायचा हुता तर मी रिटायर कशाला झालो?”

हे ऐकून मी म्हणालो, “फोरमन, हे सगळे खरे, पण आधी पंखा चालू करा.”

त्या बॅचचे पक्षी वजनाला आले होते, गाडी दोन-तीन दिवसांत येणार होती, आणि मे महिन्याची एक अतिशय कडक दुपार आली. फोरमनचा फोन आला. “मास्तर, लाइट गेलीय. पन काळजी करू नका. सगळं कंट्रोलमधी हाय.” या माणसाने सर्व काही ठीक आहे असे सांगायला कधीही फोन केला नव्हता. मी तसाच निघालो.

शेड मी आधी बाहेरून पाहिली. दोन्ही बाजूंचे पडदे जमिनीपर्यंत खाली. जनरेटर धडधडत होता. तो लहान होता. त्यावर एक तर पंखे चालत किंवा पंप. फोरमननी पंप निवडला होता आणि पंपावर फॉगर. मी आत पाय टाकला तोच माझ्या चष्म्याच्या काचांवर बाष्प जमले. चष्मा पुसून पाहिले तर पक्षी माना ताणून, पंख अंगापासून दूर धरून, चोची उघडून धापा टाकत होते. काही आडवे झाले होते.

“पडदे वर घ्या!” मी ओरडलो.

“बाहेरनं झळा मारत्यात. गारवा जाईल सगळा.”

“हा गारवा नाही, हा दमटपणा आहे! पक्ष्यांच्या घशातला ओलावा जायला हवेत जागाच नाही! फोरमन, मी तुम्हांला सांगितले होते, रुमाल…”

“मास्तर, तुमी घाबरलाय. आधी पानी प्या.”

मी पडद्याची दोरी धरली. त्यांनी ती माझ्या वरच्या बाजूला धरली. मी बाष्पीभवन म्हणालो, ते केबिन म्हणाले. मी सापेक्ष आर्द्रता म्हणालो, ते मला ‘हळू बोला, पक्षी बिचकत्यात’ म्हणाले. मुलगा दारात उभा राहून दोघांकडे आळीपाळीने बघत होता. आणि मी बोलत असतानाच माझ्या पायाशी बसलेल्या एका पक्ष्याने मान टाकली.

मी दोरी सोडली. बाहेर गेलो. मोटारसायकलच्या डिकीतले गाडी पुसायचे लाल फडके काढले, पंपाच्या बटणाला करकचून गाठ मारली, बटण बंद केले आणि मोठ्याने म्हणालो, “फोरमन, या लॉटवर क्वालिटीचा होल्ड आहे.”

फोरमन बाहेर आले. त्यांनी लाल फडक्याकडे पाहिले. त्यांचे दोन्ही हात आपोआप पाठीमागे गेले.

“कारन?” त्यांनी विचारले.

“प्रोसेस चुकीची. पंप बंद, पंखे चालू, पडदे वर.”

“मंग आधी सांगायचं न्हाई का, मास्तर!” ते माझ्यावरच खेकसले. “मगापासनं कसलं लेक्चर देत बसलाय? ए पोरा, बघतो काय? दोरी वढ!”

पाहता पाहता एकेक पडदा वर गेला, जनरेटरवर पंखे लागले, आणि बाहेरचा वारा, गरम का होईना, शेडमधून आरपार जाऊ लागला. आम्ही सगळे पक्ष्यांमधून सावकाश चालत राहिलो. बसलेला पक्षी उठला की त्याच्या पोटाखाली कोंडलेली उष्णता मोकळी होते. हळूहळू चोची मिटू लागल्या. जे पक्षी उठले नाहीत ते फोरमननी स्वतः उचलून बाहेर नेले. रिजेक्ट हा शब्द त्यांनी त्या दिवशी वापरला नाही.

लाईट आली, ऊन उतरले, आणि मी अतिशय थकून, काहीसा विजयी मनाने निगडीला परतलो. इथेच ही हकिकत संपली असती तर मी फोरमनबद्दल अधिक प्रेमाने लिहिले असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंचा फोन आला. “अवो, पक्ष्यांची भांडी कोरडी पडाय लागली. पंप लावत न्हाईत. म्हनत्यात होल्ड हाय.”

मला काही क्षण बोध झाला नाही. मग झाला. फॉगरला आणि पक्ष्यांच्या पिण्याच्या टाकीला पंप एकच होता. पंपाला लाल फडके होते. फडके मी लावले होते. म्हणजे ते मीच काढायला हवे होते.

“त्यांना सांगा, मी होल्ड काढला म्हणून!”

पलीकडे फोन हातातून हातात गेल्याचा आवाज झाला. “फोनवर क्लिअरन्स चालत न्हाई, मास्तर,” फोरमन म्हणाले. “तुमाला म्हायती असायला पायजे.” आणि फोन बंद झाला.

त्या उन्हात निगडीहून त्या गावापर्यंत मी काय काय बोलत गेलो, ते लिहिण्याजोगे नाही. पोहोचलो तेव्हा शेडचे सगळे पडदे वर होते, पंखे चालू होते, आणि विहिरीपासून शेडपर्यंत बादल्यांची रांग लागली होती. होल्ड पंपावर होता, विहिरीवर नव्हता. फोरमन रहाटाने पाणी ओढत होते, काकू मध्ये उभ्या होत्या, आणि मुलगा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, नखशिखांत भिजून, पक्ष्यांच्या भांड्यांत पाणी ओतत होता. मला पाहताच त्याने हातातली बादली खाली आदळली.

“सर, पाया पडतो राव! ते फडकं काढा आधी!”

“तू काढायचे नाही का?”

“मी हात लावला तर म्हणाले, घरातनं बाहेर काढीन. तेव्हापासनं पाणी वाहतोय. त्या कोपऱ्यातले बारीक आहेत ना, त्यांना पाणी दिलं की बाकीचे धक्के मारतात. दर वेळी त्यांच्यापाशी उभं राहावं लागतंय.” हे सांगताना तो पुन्हा बादली उचलून त्याच कोपऱ्याकडे निघालाही होता.

मी फडके काढले. फोरमन रहाट सोडून समोर येऊन उभे राहिले आणि वाट पाहू लागले. त्यांच्या तळहातांना फोड आले होते.

“क्लिअर,” मी म्हणालो.

“पंप चालू करू?”

“करा. पिण्यासाठी करा. फॉगर पंख्यांबरोबरच, थोडा थोडा वेळ, आणि पडदे वर ठेवून.”

“ते काल सांगितलंय की तुमी,” ते म्हणाले. “एकच गोष्ट किती येळा सांगता, मास्तर?”

गाडी ठरल्याप्रमाणे आली. मरतुक वरिष्ठांनी घातलेल्या मर्यादेत बसली, जेमतेम. पक्षी भरून गाडी गेल्यावर आम्ही चौघे रिकाम्या शेडमध्ये उभे होतो. मुलाने खाकरून गोदामाचा विषय काढला, पण आता त्याच्या आवाजात पूर्वीची घाई नव्हती. फोरमननी माझ्याकडे पाहिले.

“कंपनी पिल्लं देनार का न्हाई, ते सांगा.”

मी सरळ सांगितले. पश्चिमेच्या बाजूला नव्या कारखान्याची भिंत उभी राहिल्यापासून या शेडचा वारा अडला आहे. बाकीचे वर्षभर पक्षी उत्तम वाढतील आणि तशी शिफारस मी करीन. मात्र एप्रिल-मेमध्ये बॅच घेऊ नये. शेड रिकामी ठेवावी. पत्रा चुन्याने रंगवावा, त्यावर उसाचे पाचट पसरावे, जाळ्या दुरुस्त कराव्यात.

“म्हंजी शटडाऊन,” फोरमन म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. “सालाना मेंटेनन्स शटडाऊन. आमच्या कंपनीत दर मे मह्यन्यात असायचा. मास्तर, हे मला आधीच सुचलं हुतं, पन म्हनलं तुमी काय बोलताय ते बघू.”

हीच सूचना मी त्याच जागी उभा राहून प्रत्येक उन्हाळ्यात केली होती. फक्त मी तिला रिकामी शेड म्हटले होते.

मुलाने रिकाम्या शेडवरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाला, “मग त्या दोन महिन्यांपुरती तरी गोदामाला देऊ या.”

“शटडाऊनमधी प्लांट भाड्यानं देत्यात व्हय रं?” फोरमन कडाडले. “मंग मेंटेनन्स कोन करनार? तुझा बा?”

“बा तर तुम्हीच आहात.”

“मंग झालं की,” फोरमन म्हणाले, आणि हेल्मेटचा पट्टा आवळून पडद्यांच्या दोऱ्या सोडवू लागले. दुसऱ्या टोकाची दोरी मुलाने सोडवायला घेतली.